चौदा पावलांची भिंत

नदीखात्याची बाई दारात उभी राहून संमतीचा कागद पुढे करत होती, तेव्हा धाकटीच्या हातात पेन तयारच होतं, टोपण काढलेलं. सही करायची हे तिनं दोन दिवसांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. कुठे करायची ते बाईनं बोटानं दाखवलं आणि सहज म्हणाली, "बरं झालं बाई. तुमच्या बहिणीचीही परवाच झाली. आता ही ओळ पुरी होईल." पेन कागदाला टेकलं होतं. एक निळा ठिपका उमटलाही होता. तो तेवढाच राहिला.

"कुणाची सही झाली?"

"पलीकडच्या. थोरल्या बहीण ना तुमच्या? एका शब्दानं कुरकुर केली नाही त्यांनी."

धाकटीनं टोपण लावलं. ते टक्कन बसलं. "मग माझी मिळायची नाही," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. आतल्या बाजूला तशीच उभी राहिली. बाहेर कागद पिशवीत सरकवल्याचा आवाज आला, मग जाड बुटांचा, मग फाटकाचा. फाटक बाईनं नीट लावून घेतलं, याचासुद्धा धाकटीला राग आला.

घर वडिलांनी बांधलेलं. आई गेल्यावर दोघी बहिणींनी मधून विटांची भिंत घातली आणि एका घराची दोन केली. त्या दिवसापासून आज नऊ वर्षं दोघी एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. बोलल्या नव्हत्या, पण भिंत एका विटेची होती. थोरली कधी उठते, कधी खोकते, कोणता नळ अर्धवट सोडते, खुर्ची सरकवताना तिचा गुडघा दुखतो म्हणून कसा सुस्कारा टाकते, हे धाकटीला स्वतःच्या नाडीसारखं ठाऊक होतं. नवरा-बायकोलासुद्धा एकमेकांचं इतकं ऐकू येत नसेल. मागे अंगण, अंगणाच्या मधोमध तार, आणि अंगणाच्या टोकाला छातीएवढी काँक्रीटची भिंत. भिंतीपलीकडे दोन पुरुष खोल खाली नदी. नदी म्हणायचं एवढंच. दोन्ही बाजूंनी काँक्रीट, मधून काळं पाणी, मागे कुत्रं लागल्यासारखं धावणारं. ती भिंत आता खातं फोडणार होतं. काठ पुन्हा उतरता करायचा, दगड-माती टाकायची, लव्हाळे लावायचे, वाळुंजाची झाडं लावायची, म्हणजे पाणी संथ होईल, गाळ काठाला बसेल, मुळं घाण धरून ठेवतील, माशांना अंडी घालायला जागा होईल. हे सगळं बाईनं पहिल्या खेपेला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. त्यासाठी प्रत्येक अंगणातली चार मीटर जागा हवी होती, आणि ती मालकानं खुशीनं द्यायची होती. धाकटीच्या चार मीटरांत तिची पत्र्याची शेड होती. तिथे बसून ती वीस वर्षं दातांच्या कवळ्या करत होती. थोरलीच्या चार मीटरांत लिंबाचं झाड होतं, आणि त्याखाली दगडी बाक. थोरली त्या लिंबाला जीव लावून होती. म्हणजे थोरली मरेपर्यंत सही करणार नाही, हे धाकटीनं धरूनच ठेवलं होतं. आणि म्हणूनच ती स्वतः करणार होती. शेड गेली तर गेली. सगळ्या गल्लीनं पाहिलं असतं की दातवालीनं पोटावरचं दिलं आणि मास्तरीणबाईंना एक लिंबू सोडवेना. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात तसं ते होतं, हे तिला कळत होतं. कळून तिला बरं वाटत होतं.

आता ते नाकही राहिलं आणि अपशकुनही गेला. ती शेडमध्ये जाऊन बसली. समोर साच्यावर कुणाचातरी वरचा जबडा होता, गुलाबी, अर्धा घासलेला. तिनं मोटर सुरू केली आणि बारीक चाक हिरडीच्या कडेवरून फिरवू लागली. थोरलीनं सही का केली? थोरली बरोबर वागली, यात नवीन काही नव्हतं. थोरली जन्मापासून बरोबर होती. शाळेत विज्ञान शिकवायची, आणि निवृत्त झाल्यावरही तिच्या पाठीच्या कण्यात एक फळा राहिला होता. लहानपणी इथे भिंत नव्हती तेव्हा दोघी घसरत घसरत काठावर जायच्या. धाकटी पाण्यात हात घालून मिळेल ते धरायची. थोरली वर उभी राहून सांगायची, हा किडा आठ पायांचा आहे म्हणजे हा किडाच नव्हे, सोड त्याला. धाकटी आठ वर्षांची असताना भिंत झाली. वडिलांनी घराच्या बांधकामातून उरलेली विटा-खडी भिंतीमागे ओतून अंगण वाढवलं आणि फार खूश झाले. त्यांनी दोघींना ओल्या भिंतीजवळ उभं केलं. "आता हिला नदी दिसायची नाही," थोरली म्हणाली होती, "हिची उंचीच नाही." तेही बरोबरच होतं. धाकटीला पुढची तीन वर्षं नदी दिसली नाही, नुसता वास आला.

आणि आईच्या वेळीही थोरलीचं बरोबरच होतं, हेच तर खरं दुखणं. आईची शेवटची कवळी धाकटीनं केली होती. एरवी डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येत, माणसं कधी दिसत नसत. ती सगळ्या शहराला आतून ओळखायची आणि रस्त्यात एकालाही नाही. आईचा ठसा मात्र तिनं स्वतः घेतला, आईच्या जिभेखाली बोट घालून. आईचा पुढचा एक दात मुळात तिरका होता, म्हणून तिनं नव्या कवळीतही तो तिरका बसवला. आईनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अगं, मीच आहे की ही." सात महिन्यांनी धाकटी काम पोचवायला गेलेली असताना आईला धाप लागली. थोरलीनं गाडी बोलावली आणि तिला दवाखान्यात नेलं. वेळेवर नेलं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी आई गेली. बघायला माणसं आली, आणि आईचे गाल खड्ड्यांत गेलेले होते, ओठ आत गिळलेले होते. पाकिटातून पत्र काढून घेतल्यावर पाकीट दिसतं तसं तोंड. कवळी घरी पेल्यात पडून होती. धाकटीनं सगळ्यांदेखत विचारलं, "तिचे दात का नाही नेलेस?" आणि थोरली सगळ्यांदेखत म्हणाली, "दातांचं काय घेऊन बसलीस या वेळी?" माणसांनी माना खाली घातल्या. लाज थोरलीची नव्हे, धाकटीची वाटली त्यांना. हे एक वाक्य. नऊ वर्षं तिनं ते जिभेवर धरून ठेवलं होतं, खडीसाखरेसारखं नव्हे, खडीसारखं.

महिन्याभरात यंत्रं आली. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या. लांब मानेचं यंत्र काँक्रीटवर चोच मारायचं आणि शेडमधले साचे फळीवर थरथरायचे. पांढरी धूळ मेणावर बसायची, दातांच्या फटीत बसायची. वरच्या अंगणातला निवृत्त बसड्रायव्हर तारेशी येऊन म्हणाला, "एकट्या तुमच्यामुळे अडलंय हो सगळं." धाकटीनं मोटर बंद न करता विचारलं, "का, तुमची बस चुकली का?" तो जो गेला तो पुन्हा बोलला नाही. एका सकाळी तिच्या फाटकावर कागद चिकटवलेला होता: नदीची वैरीण. अक्षर बायकी होतं, गोल. तिनं तो काढला नाही. येता-जाता वाचायची. पुढे पुढे तिला ती पदवीच वाटू लागली. यंत्र वरून फोडत आलं, तिच्या हद्दीशी थांबलं, तिचं अंगण सोडून पुढे गेलं आणि थोरलीच्या हद्दीपासून पुन्हा फोडू लागलं. लिंबाचं झाड एका दिवसात गेलं. धाकटी खिडकीत उभी राहून थोरलीच्या तोंडाकडे बघत होती. थोरली बाकावर बसून होती, आणि कामगारांनी बाक उचलायचा म्हटल्यावर उठली, एवढंच. डोळे पुसले नाहीत, काही नाही. बघणाऱ्याला काहीतरी द्यावं माणसानं.

मग सगळं संपलं आणि धाकटीच्या अंगणाएवढी भिंत तेवढी उरली. तिनं एकदा मोजली, चौदा पावलं. दोन्ही टोकांना काँक्रीट फाटलेलं, लोखंडी सळया बाहेर आलेल्या. वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला काठ उतरत गेलेला, गोणपाटावर माती, मातीत लव्हाळ्यांचे पुंजके. गल्लीत तिला किल्लेदारीण म्हणू लागले. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तिच्या ब्लाउजला तीन आठवडे लावले. ती कुणाचं काही देणं लागत नव्हती आणि तिचं कुणी काही देणं लागत नव्हतं, अशी मोकळीक तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती; पण ती कपड्यातल्या टाचणीसारखी होती, बसलं की लागायची. आणि नदी तिच्या नाकावर टिच्चून सुधारत होती. वास गेला, हे तिला ज्या दिवशी गेला त्या दिवशी कळलंच नाही. आठवड्यानं एकदा खिडकी लावायला उठली आणि आपण खिडकी का लावतोय तेच तिला आठवेना. पाण्याचा काळा रंग उतरून चहासारखा झाला. लव्हाळे गुडघाभर वाढले. नदीखात्याची बाई दर आठवड्याला येऊन बाटलीत पाणी भरायची, बाटली उजेडात धरायची आणि स्वतःशी हसायची. चतुर उडत यायचे आणि नेमके धाकटीच्याच सळयांवर बसायचे. ती फडकं झटकून त्यांना उडवायची.

खात्याच्या पत्रकात थोरलीचा फोटो आला, मागे उघडा काठ. "नदीसाठी अंगण दिलं." कुणीतरी ते पत्रक धाकटीच्या फाटकात खोचून गेलं. तिनं ते शेडमध्ये नेऊन दिव्याखाली धरलं. थोरली हसत नव्हती. फोटोत तोंड मिटलेलं होतं, खालचा ओठ जरा आत. या बाईनं अंगण दिलं. का दिलं? माणूस साठीनंतर मोठं होतं का? मनातलं सगळं धुऊन टाकून एखाद्या सकाळी सही करून मोकळं होतं का? तसं असेल, तर तिकडे राग केव्हाच संपला होता. थोरली केव्हाच उठून गेली होती आणि धाकटी अजून दाराशी दबा धरून बसली होती. टाळी एका हातानं वाजत नाही म्हणतात; मग ही नऊ वर्षं आपण काय वाजवत होतो? या विचारानं तिच्या अंगाला दरदरून घाम सुटला. भर दुपारी, पंख्याखाली.

वरच्या धरणातून पाणी सोडलं त्या आठवड्यात नदी चढली. उतरत्या काठावर पाणी पसरलं, लव्हाळे वाकले आणि पुन्हा उभे राहिले. फक्त एका ठिकाणी तसं झालं नाही. वरून येणारं पाणी धाकटीच्या भिंतीवर आदळायचं, भिंतीला घासत जायचं आणि भिंत संपली की फाटलेल्या टोकाशी गरगरून खालच्या काठात शिरायचं. खालचा काठ थोरलीचा. एका दुपारी धाकटीच्या डोळ्यांदेखत तिथला हातभर काठ लव्हाळ्यांसकट सुटला आणि पावासारखा तुटून पाण्यात पडला. धाकटी उभी राहिली. तिला आनंद झाला होता, दुसरं काही नाही. ती मुद्दाम खुर्ची खिडकीशी ओढून बसली. संध्याकाळपर्यंत आणखी दोन तुकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी जरा उतरल्यावर थोरली काठावर आली. त्रेसष्ट वर्षांची बाई, साडी खोचलेली, काखेत वाळुंजाच्या काठ्यांची मोळी, हातात लाकडी हातोडा. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती एकेक काठी चिखलात ठोकू लागली. काठ्या रुजल्या की काठ धरतात, असं बाईनं सांगितलं असेल. ठोका चुकायचा, काठी वाहून जायची, थोरली दुसरी घ्यायची. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आणि शिंपी तिच्या मदतीला उतरले. धाकटी सगळं बघत होती. पहिल्या दिवशी तिला ते फुकटात मिळालेल्या तमाशासारखं वाटलं. पण थोरलीनं तीन दिवसांत एकदाही वर पाहिलं नाही. शेड दहा पावलांवर, खिडकी उघडी, मोटर चालू. आणि थोरली पाठमोरी, वाकलेली, ठक ठक. बघ ना. एकदा वर बघ, शिव्या दे, हातोडा दाखव. धाकटीच्या हातातलं चाक कधी हिरडीवरून घसरलं तिला कळलंच नाही. पुढच्या दाताचा टवका उडाला. वीस वर्षांत तिनं अशी एकही कवळी वाया घालवली नव्हती.

त्याच दुपारी नदीखात्याची बाई आली. या वेळी तिनं बूट पुसले नाहीत. चिखल शेडच्या फरशीवर आला. कागद फळीवर ठेवून ती म्हणाली, "तुमच्या चौदा पावलांपायी खालचा दोनशे पावलांचा काठ जाणार. पुढच्या पाण्यात नक्की जाणार. मला तुमच्यावर जबरदस्ती करता येत नाही. यायचीही इच्छा नव्हती."

"मग आलात कशाला?"

"पगार मिळतो त्याचा."

धाकटीला ते उत्तर आवडलं. तिनं मोटर बंद केली. शांतता झाली आणि त्या शांततेत पलीकडचे ठोके ऐकू आले. "एक विचारते," ती म्हणाली. "तिनं सही करताना काय सांगितलं तुम्हाला? नदीबद्दल काही बोलली?"

बाईनं तिच्याकडे पाहिलं. तीही थकलेली होती, तिच्या कपाळावर चिखल सुकला होता. "खरं सांगू? मी सांगू नये. पण आता मला सगळ्याचा वीट आलाय. नदीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, ती पत्र्याची शेड पडणार का? मी म्हटलं, चार मीटरांत येते, म्हणजे पडणार. 'नक्की?' नक्की. मग उठून लिंबाच्या झाडाशी गेल्या, पाच मिनिटं तिथे उभ्या राहिल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, 'लिंबू गेलं तरी चालेल. पण ती करकर जाऊ दे. नऊ वर्षं माझ्या खिडकीसमोर बसून माझं डोकं कोरतेय ती, मुद्दाम.' आणि सही केली."

धाकटीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. बाईला वाटलं, ती रडतेय. पण ती हसत होती. फळीला धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मुद्दाम! हो, मुद्दामच तर. दुपारी थोरली पडते तेव्हाच ती जाड चाक लावायची, आणि तिला वाटत आलं होतं की पलीकडे पोचतच नाही. पोचत होतं. नऊच्या नऊ वर्षं पोचत होतं. लिंबाचं झाड, जीव की प्राण, तेही थोरलीनं कापून दिलं होतं, धाकटीची शेड पडावी म्हणून. कसली मोठी झाली नि कसलं मन धुतलं! होती तशीच होती, काडीइतकी बदलली नव्हती, सख्खी शोभत होती. नऊ वर्षं ती त्या बाजूला जागी होती. एखाद्या दुखऱ्या सांध्यातलं पाणी काढून टाकावं तसं धाकटीला हलकं वाटलं. इतकं हलकं तिला आई असतानाही वाटलं नव्हतं.

"कुठे करायची?" तिनं विचारलं.

"काय?"

"सही. दाखवा कुठे."

बाईनं बोट ठेवलं, पण तिचा विश्वास बसला नव्हता. "एवढ्यावरून?" ती म्हणाली. "आणि मी चार महिने तुम्हाला माशांच्या अंड्यांचं सांगतेय."

"माशांना सांगा मी केली म्हणून," धाकटी म्हणाली.

भिंत दीड दिवसात गेली. शेडचे पत्रे भंगारवाल्यानं नेले. काठ वरपासून खालपर्यंत एक झाला, पाणी पसरून संथ वाहू लागलं, आणि थोरलीच्या ठोकलेल्या काठ्यांपैकी निम्म्यांना पालवी फुटली. धाकटी तिथे गेली नाही. तिला वेळ नव्हता. घरात नवं बाकडं करायचं होतं. सुतार म्हणाला, "इथे खिडकीशी ठेवू या. उजेड चांगला आहे."

"उजेड राहू दे," ती म्हणाली. "त्या भिंतीला लाव. अगदी टेकवून."

"तिथे अंधार आहे, बाई. डोळे जातील."

"माझे आहेत."

बाकडं विटांच्या भिंतीला टेकलं. त्या भिंतीपलीकडे थोरलीचं जेवणाचं टेबल होतं; खुर्ची सरकण्याच्या आवाजावरून धाकटीला ते इंचाइंचानं ठाऊक होतं. तिनं दिवा लावला, जाड चाक बसवलं आणि खुर्ची सरकण्याची वाट बघत बसली. सव्वा वाजता ती सरकली. ताट ठेवल्याचा आवाज आला. धाकटीनं बटण दाबलं. मोटर बाकड्यातून भिंतीत शिरली आणि सगळी भिंत गुणगुणू लागली. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मग पलीकडून भिंतीवर मूठ आपटली. एकदा. मग तीनदा.

धाकटीनं मोटर बंद केली.

"जेवतेय मी!" पलीकडून आवाज आला. केवढा घोगरा झाला होता तो. ही कुणी म्हातारी बाई बोलत होती.

"जेव की मग," धाकटी भिंतीला म्हणाली. "मी काय ताट ओढलं तुझं?"

पलीकडे नळाचे थेंब. "दात शिवशिवतात माझे त्या आवाजानं."

"राहिलेत किती?"

"तुला काय करायचंय? तुझ्याकडे येणार नाही मी."

"आलीस तरी घ्यायची नाही."

पलीकडून चमचा ताटावर आपटल्याचा आवाज आला, हवा होता त्याहून कितीतरी मोठा, मग पुन्हा एकदा, मग लागोपाठ. धाकटी ते नीट ऐकून घेत बसली. मग तिनं कवळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि मोटर सुरू केली.